औषधाला न जुमानणारे जंतू

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात प्लेगची साथ आली, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पुराने भिजलेला कचरा, तुंबलेली गटारे आणि लोकांची पळापळ! लाखो माणसे शहर सोडून गेली. तरी साथ थोड्याच दिवसांत आटोक्यात आली, कारण टेट्रासायक्लिन हे स्वस्त औषध त्या जंतूंवर लागू पडले.

पुढच्याच वर्षी, १९९५ साली, मादागास्कर बेटावर एका रुग्णात प्लेगचे निराळे जंतू सापडले. त्यांच्यावर टेट्रासायक्लिनही चालेना आणि स्ट्रेप्टोमायसिनही. हा गुण त्यांनी दुसऱ्या जातीच्या जंतूंकडून घेतलेला होता. शेजारी शेजाऱ्याला बियाणे देतो, तसाच हा प्रकार.

ही देवघेव कोठे होते? जेथे नाना तऱ्हेचे जंतू आणि औषधाचा अंश एकत्र येतात तेथे, उदाहरणार्थ सांडपाण्यात. माणसांना, गुरांना व कोंबड्यांना दिलेल्या औषधाचा बराच भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो. कारखान्यांचे पाणी त्यात भर घालते. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. तांबे, जस्त यांसारख्या धातूंनी दूषित पाण्यातही चिवट जंतूंचेच फावते.

शेतकरी बंधुभगिनींनी काय करावे, ते आम्ही थोडक्यात सांगतो:

१. जनावरे लवकर वाढावीत म्हणून औषधे देऊ नका. कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यास सरकारने २०१९ साली बंदी केली आहे.

२. शेणखत व कोंबडीखत चांगले कुजवूनच शेतात घाला. ढिगातील उष्णतेने बरेच जंतू मरतात.

३. कच्च्या खायच्या भाज्यांना गटाराचे पाणी देऊ नका.

४. डॉक्टर किंवा पशुवैद्य सांगतील तेव्हाच आणि सांगतील तितकेच औषध द्या. त्यांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत त्या जनावराचे दूध विकू नका.

५. उरलेली औषधे नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका.

साथीनंतर, १९९५ पासून, आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सुरतेने आपले रस्ते व गटारे साफ केली. जेथे स्वच्छता, तेथे आजार कमी आणि औषधही कमी लागते. उद्या घरातील लेकराला न्यूमोनिया झाला, तर दिलेली गोळी लागू पडली पाहिजे. ती जपण्याचे काम गोठ्यापासून आणि मोरीपासून सुरू होते.