मूळ छायाचित्र न बिघडविता त्याचा उजेड कसा सुधारावा?

पिकावरील रोगाचे छायाचित्र मोबाइलवर काढून कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी सहायकाकडे पाठविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. परंतु चित्र 'चांगले दिसावे' म्हणून त्यात वाटेल तसा फेरफार केल्यास निदान चुकण्याचा संभव असतो. भातावरील करप्याचेच उदाहरण घ्या. या रोगाचे ठिपके दोन्ही टोकांस निमुळते असून त्यांचा मध्यभाग राखी व कडा तपकिरी असतात. चित्र फार उजळ केल्यास राखी रंग पांढरा होऊन ओळखीची मुख्य खूणच नाहीशी होते.

हानी कशी होते?

डिजिटल छायाचित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. सामान्यतः प्रत्येक बिंदूतील लाल, हिरव्या व निळ्या रंगाची तीव्रता ० ते २५५ या अंकांत नोंदलेली असते. समजा, तीन बिंदूंचे अंक २०५, २२५ व २५० आहेत. उजळपणा ५० ने वाढविल्यास तिन्ही २५५ होतात, कारण त्यापुढे अंकच नाही. असे चित्र जतन करून नंतर ५० ने कमी केले, तर तिन्ही २०५ होतात. मूळचा फरक परत येत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद व फिकट भागांतील फरक, फार वाढविल्यासही दोन्ही टोकांस हीच हानी होते. शिवाय जेपेग प्रकारचे चित्र पुनःपुन्हा जतन केल्याने त्याचा दर्जा घसरतो.

सुरक्षित पद्धत

या पद्धतीत मूळ चित्रास हात न लावता फेरफाराची सूचना तेवढी स्वतंत्र नोंदली जाते. ती केव्हाही बदलता अथवा काढून टाकता येते. फोटोशॉपमध्ये १९९६ पासून यासाठी 'ॲडजस्टमेंट लेयर' आहे. विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पमध्ये ही सोय २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली. तेथे काम एक्ससीएफ प्रकारात जतन करावे, म्हणजे सूचना कायम राहते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. पान सावलीत धरून छायाचित्र काढावे. उजेड योग्य असल्यास फेरफाराची गरजच उरत नाही.

२. मोबाइलवर फेरफार केल्यास ते मूळ चित्रावर न लिहिता स्वतंत्र प्रत म्हणून जतन करावे.

३. फेरफार थोडाच करावा. ठिपक्याचा मध्य व कडा वेगळे दिसत आहेत, याची खात्री करावी.

४. तज्ज्ञांकडे मूळ चित्र व सुधारलेली प्रत, दोन्ही पाठवावीत आणि कोणती कोणती ते लिहावे. व्हॉट्सॲपवर पाठविताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ दर्जा टिकतो.

५. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी मूळ छायाचित्रच द्यावे. बदललेल्या चित्रामुळे खऱ्या नुकसानीविषयीही शंका उत्पन्न होऊ शकते.

शेतकरी बंधूंनी उत्तम बियाणे जसे वेगळे राखून ठेवावे, तसेच मूळ छायाचित्रही जपून ठेवावे. ते शाबूत असेल, तर त्यावरून हव्या तितक्या प्रती पुन्हा तयार करता येतात.