घटक ४ : दीर्घोत्तरी प्रश्नाचे उत्तर आणि वर्गातील सादरीकरण

४.१ प्रस्तावना



यापूर्वीच्या घटकांत आपण परिच्छेदलेखन आणि सारलेखन यांचा परिचय करून घेतला. या घटकात त्या दोन्ही कौशल्यांचा उपयोग परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्नासाठी आणि अभ्यासकेंद्रावरील सादरीकरणासाठी कसा करावयाचा, ते पाहू. विवेचन करताना नंदुरबार जिल्ह्यातील विद्यार्थी आमच्या डोळ्यांसमोर आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. त्यामुळे तुमच्यापैकी अनेकजण आपल्या घरातून पदवीपर्यंत पोहोचणारे पहिलेच असतील. कोणी अंगणवाडी सांभाळून, कोणी एस. टी. ची पाळी संपवून, कोणी मिरचीची तोडणी उरकून पुस्तक हाती घेत असेल. अशा विद्यार्थ्याला विषय कमी येतो म्हणून त्याचे गुण जातात, असे सहसा घडत नाही. त्याला जे येते, ते विचारलेल्या प्रश्नाशी जोडलेले नसते. गुण जातात ते तेथे. या घटकाचा सारा भर या जोडणीवर आहे.

४.२ प्रश्न वाचणे

पुढील दोन प्रश्न सावकाश वाचा.

(अ) बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतील कृषिजीवनाचे स्वरूप स्पष्ट करा.
(आ) ‘बहिणाबाई चौधरी यांची कविता ही केवळ कृषिजीवनाची कविता आहे.’ या विधानाची चर्चा करा.

वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच वाटतात. कवयित्री एक, विषय एक आणि घरी तयार केलेली टिपणेही एकच. पुष्कळ विद्यार्थी दोन्ही प्रश्नांना अक्षरशः एकच उत्तर लिहितात : बहिणाबाईंचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील आसोदे येथे झाला, त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांची गाणी मुलगा सोपानदेव याने जपली, त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. हा मजकूर बरोबर आहे; पण एक पान भरले तरी प्रश्न जागच्या जागी राहतो.

पहिल्या प्रश्नातील क्रियापद ‘स्पष्ट करा’ असे आहे. परीक्षकाला येथे तुमचे मत नको आहे. कृषिजीवनाची कोणती अंगे कवितेत येतात आणि ती कशी येतात, हे त्याला हवे आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी हा धान्याचा प्रवास एका परिच्छेदात घ्यावा. मोट, जाते यांसारखी साधने आणि त्यांच्याभोवतीचे श्रम दुसऱ्यात येतील. शेतकरी स्त्रीच्या नजरेमुळे या चित्रणाला आलेले वेगळेपण हा तिसरा परिच्छेद. चरित्रासाठी दोन वाक्ये पुरतात.

दुसऱ्या प्रश्नात ‘केवळ’ हा एक शब्द आहे, आणि सारा प्रश्न त्या एका शब्दावर उभा आहे. तो सुटला तर उत्तर सुटले. ‘चर्चा करा’ याचा अर्थ विधानाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे असे दोन्ही मांडून निर्णयाप्रत या. विधान कोठवर खरे आहे? कवितेतील प्रतिमा शेतातून येतात, येथवर. ते कोठे अपुरे पडते? मनाच्या चंचलपणाविषयीची कविता, संसाराविषयीची कविता, वैधव्याला सामोरी जाणारी कविता यांत शेत हा विषय नाही. तेथे शेत हे विचार करण्याचे साधन आहे. मग निर्णय असा मांडता येईल : ‘बहिणाबाईंची कविता कृषिजीवनातून उगवते, परंतु तिचा विषय माणसाचे जगणे हा आहे.’ हे वाक्य उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे, असे आमचे मत आहे. परीक्षकाला शेवटापर्यंत ताटकळत ठेवण्याने काही साधत नाही.

‘तुलना करा’ म्हटले की साम्य व भेद दोन्ही हवेत आणि दोन कवी एकाच परिच्छेदात शेजारी यायला हवेत. अर्धे उत्तर एकावर व अर्धे दुसऱ्यावर लिहिणे ही तुलना नव्हे. ‘मूल्यमापन करा’ यात गुणांबरोबर मर्यादाही सांगावयाच्या असतात. मोठ्या साहित्यिकाची मर्यादा दाखवण्यात अनादर होतो, असे मानण्याचे कारण नाही. ‘टीप लिहा’ याविषयी एवढेच, की टीप म्हणजे लहान निबंध नव्हे. प्रस्तावना गाळून थेट मुद्द्यावर यावे.

४.३ वेळेचे गणित

समजा, प्रश्नपत्रिका ८० गुणांची आणि वेळ तीन तासांचा, म्हणजे १८० मिनिटांचा आहे. प्रश्न वाचून निवडण्यासाठी पहिली १० मिनिटे आणि पुन्हा वाचून दुरुस्त्या करण्यासाठी शेवटची १० मिनिटे बाजूला काढा. उरली १६० मिनिटे. प्रत्येक गुणाला दोन मिनिटे आली. १६ गुणांच्या प्रश्नाला ३२ मिनिटे, ४ गुणांच्या टिपेला ८ मिनिटे. हा हिशेब पेपर हाती येताच कच्च्या पानावर मांडावा. प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेचे गुण वेगळे असले तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पहिल्या, आवडत्या प्रश्नावर पाऊण तास खर्च करून शेवटचा प्रश्न कोरा सोडणे ही प्रौढ विद्यार्थ्यांच्या बाबतीत फार आढळणारी गोष्ट आहे. याचे कारण आळस नसतो. अनेक वर्षे सलग तीन तास लिहिण्याची हाताला सवयच राहिलेली नसते. म्हणून परीक्षेपूर्वी घड्याळ लावून एक पान लिहून पाहा. पानाला नऊ मिनिटे लागत असतील, तर ३२ मिनिटांपैकी पाच मिनिटे आराखड्याला देऊन तुमच्या हातून तीनच पाने होतील. मग घरी पाठ केलेले सहा पानांचे उत्तर काय कामाचे? तीन पानांचे उत्तर तयार करा. ऊसतोडीच्या किंवा पिकाच्या हंगामात रोज अभ्यास होणार नाही हे उघड आहे. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा असे एक पान लिहिले तरी हात चालता राहतो.

४.४ विधान आणि आधार

‘स्वातंत्र्यलढ्यात नंदुरबारचे मोठे योगदान आहे’ असे कोणी लिहिले, तर वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. अशी वाक्ये कोणत्याही गावाविषयी लिहिता येतात. ‘९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलासह पाचजण हुतात्मा झाले’ असे लिहिले, की विधानाला आधार मिळतो. दर परिच्छेदात एक विधान, त्याचा किमान एक आधार आणि तो आधार विधानाला कसा पोषक आहे हे सांगणारे एक वाक्य, इतके असावे. यांतील तिसरे वाक्य हमखास गळते. साहित्याच्या पेपरात आधार म्हणजे कवितेचा प्रसंग, प्रतिमा, शब्दयोजना. ओळी पाठ नसतील तर मनाने रचून अवतरणचिन्हांत घालू नका. आशय आपल्या शब्दांत सांगितला तरी चालतो.

येथे एक सावधगिरी. बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे, असे आपल्या भागातील विद्यार्थी सहज लिहून जातात. तिला सामान्यतः लेवा गणबोली म्हणतात. दोन्ही खानदेशच्याच बोली, एकमेकींच्या जवळच्या, पण एक नव्हेत.

४.५ घरची बोली आणि उत्तरपत्रिकेची भाषा

घरात अहिराणी, भिली, पावरी किंवा मावची बोलली जात असेल, तर प्रमाण मराठी ही लेखनासाठी शिकलेली भाषा ठरते. यात कमीपणा कसला? आराखडा घरच्या बोलीत करायला कोणतीच हरकत नाही. विचार तेथे मोकळा चालतो. लिहिताना मात्र रूपे तपासावीत. अहिराणीत ‘शे’ असते तेथे ‘आहे’ येते, ‘ना-नी’ प्रत्ययांच्या जागी ‘चा-ची’ येतात. शेवटच्या दहा मिनिटांत प्रथम हेच पाहावे. बोलीतील एखादा शब्दच नेमका असेल, तर तो अवतरणचिन्हांत लिहून पुढे अर्थ द्यावा.

४.६ वर्गातील सादरीकरण

शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता अनेकांनी वाचली असेल. व्यासपीठापासून दूर राहिलेल्या आणि आपलेच दुःख दुसऱ्यांच्या तोंडून ऐकाव्या लागलेल्या माणसांची जाणीव तीत आहे. संपर्कसत्रात फळ्यापाशी उभे राहताना पाय अडखळतात, त्यामागे पुष्कळदा याच अनुभवाचा इतिहास असतो. तो अडखळ धीराच्या उपदेशाने जात नाही. तयारीने बराच कमी होतो.

समजा, ‘काठीची राजवाडी होळी’ हा विषय आणि दहा मिनिटे तुम्हांला मिळाली. ‘होळी हा भारतातील एक महत्त्वाचा सण आहे’ येथून सुरुवात केलीत, तर ऐकणारे खिडकीबाहेर पाहू लागतील. त्याऐवजी ‘आपल्याकडे होळी बहुधा संध्याकाळी पेटते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पहाटे पेटते. मग रात्रभर तेथे काय चालते?’ असे विचारा. दहा मिनिटांचे बोलणे या एका प्रश्नाचे उत्तर होईल. मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरू ल्यालेले बुध्या, ढोल, दूरच्या पाड्यांवरून चालत आलेली माणसे, हे सारे त्या उत्तरात आपोआप जागा घेईल. तुम्ही स्वतः ती होळी पाहिली असेल तर तसे सांगा. मात्र पाहिलेले कोणते आणि वाचलेले कोणते, हा भेद स्पष्ट ठेवा.

सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांसाठी हजारभर शब्द पुरेसे आहेत. त्यांतील पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्ये तेवढी पाठ असावीत. बाकीच्यासाठी चार-पाच चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक मुद्दा व एक तपशील. कागद धरून वाचून दाखवणे हे सादरीकरण नव्हे. पडद्यावर चित्रे दाखवणार असाल तर वीज नसतानाही बोलता येईल अशी तयारी ठेवा. फळा आणि खडू पुष्कळ वेळा पुरतात. प्रश्नोत्तरांत उत्तर माहीत नसेल, तर ‘हे मी पाहून पुढच्या सत्रात सांगेन’ असे म्हणावे आणि खरोखरच सांगावे.

४.७ स्वाध्याय

(१) विभाग ४.२ मधील प्रश्न (आ) चे उत्तर ३२ मिनिटांत घड्याळ लावून लिहा. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदातील विधान, आधार व जोडणारे वाक्य यांखाली तीन वेगळ्या रंगांनी रेघा ओढा. ज्या परिच्छेदात एखादा रंग नसेल, तो पुन्हा लिहा.

(२) तुमच्या गावातील एखादा उत्सव, बाजार किंवा व्यवसाय निवडून त्यावर दहा मिनिटांच्या सादरीकरणाच्या पाच चिठ्ठ्या तयार करा. घरातील एका व्यक्तीसमोर ते सादर करा, तिने विचारलेला पहिला प्रश्न लिहून ठेवा आणि त्याच्या उत्तरासाठी सहावी चिठ्ठी तयार करून पुढील संपर्कसत्राला आणा.