वाळवण

थोरांची चरित्रे वाचून धैर्य अंगी येते, असे आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. परंतु मला वाटते, की धैर्याचे पहिले पाठ मूल पुस्तक उघडण्यापूर्वीच घेऊ लागते, आणि ते पाठ देणाऱ्या माणसांना आपण काही शिकवीत आहोत याची बहुधा जाणीवही नसते.

१९७४ सालची गोष्ट. आमचे गाव सिन्नर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळाने घरातील कणग्या रित्या केल्या होत्या. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आले आणि त्या हंगामात कितीतरी दिवसांनी घरचा गहू घरात आला. थोरल्या ताईचे लग्न वैशाखात ठरले होते. रुखवतात मांडण्यासाठी कुरडया हव्यात म्हणून आईने चैत्रातच गहू भिजत घातला.

कुरडई खाताना तोंडात क्षणात विरते. ती करण्याचे कष्ट मात्र तसे विरणारे नसतात. गहू तीन दिवस भिजवावयाचा, रोज त्याचे पाणी बदलावयाचे. मग तो वाटून, पिळून, गाळून चीक काढावयाचा. रात्रभर तो निवळू द्यावयाचा, वरचे पाणी अलगद ओतून टाकावयाचे आणि पहाटे मोठ्या पातेल्यात हिंग-मीठ घालून तो शिजवावयाचा. हा चीक घोटताना हात भरून येतात. त्यानंतर सोऱ्या. आई, ताई आणि शेजारच्या काकू अशा तिघींनी दुपारपर्यंत अंगणातल्या दोन बाजा आणि एक जुने धोतर कुरडयांनी भरून टाकले. राखणीला मी होतो. माझे लक्ष कुरडयांपेक्षा ताटातल्या उरलेल्या गरम चिकाकडे अधिक होते, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आले आणि पाहता पाहता वळवाचा पाऊस कोसळू लागला. एक बाज आम्ही पडवीत ओढली. बाकीचे सारे भिजले. धोतरावरच्या कुरडया विरघळून त्यांचा एकच पांढरा लगदा झाला.

आई उंबऱ्यावर बसली. “चार दिवसांचं काम गेलं गं,” एवढेच ती बोलली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी चित्रासारखा उभा राहिलो. आईला रडताना मी फारसे पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने ती उठली. पडवीतल्या बाजेवरच्या कुरडया तिने एकेक उचलून पाहिल्या. ज्यांची चकती शाबूत होती त्या सुपात ठेवल्या. लगदा गाईच्या आंबोणात गेला. मग ती ताईला म्हणाली, “डब्यात अजून दोन पायल्या गहू असतील, बघ बरं. या खेपेस पहाटे लवकर घालू. ऊन चढेपर्यंत वरून कडक झाल्या पाहिजेत. आणि सगळ्या अंगणात नकोत; निम्म्या पडवीतच घालू.”

त्या संध्याकाळी मला तिने उपदेशाचा एक शब्दही सांगितला नाही. पण रडणे आणि उठणे ही दोन्ही मी पाहिली. नुसते रडणेच पाहिले असते, तर मी घाबरलो असतो. आणि ती हसतमुखाने, काही घडलेच नाही अशी उठली असती, तर मोठ्या माणसांना दुःखच होत नाही, असा माझा समज झाला असता. मग स्वतःच्या रडण्याची मला लाज वाटली असती.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी सुमारे सव्वा वर्षाच्या बाळांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही बाळांसमोर मोठ्या माणसाने डब्यातील खेळणे बाहेर काढण्यासाठी पुनःपुन्हा खटपट केली. काहींसमोर ते सहज काढले. नंतर बाळांच्या हाती एक निराळेच खेळणे दिले. त्याची मोठी कळ दाबली की ते वाजेल असे वाटावे, पण ती कळ मुळी चालतच नव्हती. खटपट पाहिलेल्या बाळांनी ती कळ अधिक वेळा दाबली. धड बोलताही न येणारी ही बाळे! हे वाचले तेव्हा मला आमची पडवी आठवली.

मी शिक्षक झालो तेव्हा मात्र हे सारे विसरलो होतो. एकदा फळ्यावर मी ‘आशिर्वाद’ असे लिहिले. एका मुलीने उठून सांगितले, “गुरुजी, शी दीर्घ पाहिजे.” तिचे बरोबर होते. मी तिला, मध्ये बोलू नये म्हणून दटावले आणि शब्द घाईने पुसून टाकला.

पुढे वह्या तपासताना एका मुलाच्या वहीला जागोजागी भोके पडलेली दिसली. चूक खोडण्याऐवजी तो ती रबराने कागद फाटेपर्यंत घासत असे. त्याला कारण मीच, असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण माझे मन मला खाऊ लागले. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पुन्हा ‘आशिर्वाद’ लिहिले, त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी ‘आशीर्वाद’ लिहिले आणि त्या मुलीची वर्गासमोर क्षमा मागितली. तास संपेपर्यंत दोन्ही शब्द तसेच राहू दिले.

वर्ग गप्प होता. मुलीने मान खाली घातली. त्या मुलाच्या वहीतली भोके काही लगेच थांबली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर केव्हातरी पहिली आडवी रेघ दिसली.

ताईच्या रुखवतात कुरडया होत्या. वाचवलेल्या जरा मळकट होत्या; आईने त्या ताटात तळाशी ठेवल्या होत्या.