फटफटी, हेल्मेट आणि विजेची गाडी

मोटारसायकलला आपल्याकडे फटफटी म्हणतात. हे नाव कुणा पंडिताने दिलेले नाही. गाडी चालू झाली की फट् फट् आवाज येई, म्हणून लोकांनीच ते ठेवले. आता विजेवर चालणारी दुचाकी आली आहे. तिला आवाजच नाही. ती अंगाजवळून गेली तरी कळत नाही. मग तिला फटफटी म्हणावे की नाही, ते तुम्ही ठरवा. या पाठात आम्ही दोन्ही गाड्यांविषयी सांगणार आहोत. पण गाडीपेक्षा जास्त सांगणार आहोत ते गाडीवर बसणाऱ्याच्या डोक्याविषयी.

पहिली फटफटी जर्मनी देशात 1885 साली झाली. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी ती बनवली. तिचा सांगाडा लाकडाचा होता. चाकेही लाकडी, आणि वर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीसारखी! आपल्या देशात 1955 साली मद्रासेत कंपनी निघाली आणि तिथे बुलेट गाडी तयार होऊ लागली. पुढे मैसूरला जावा गाडी होऊ लागली. त्या काळी गावात फटफटी असली तर एखादी. ती आली की पोरे मागे धावत.

खरा फरक पडला तो 1984-85 च्या सुमारास. जपानी कंपन्यांच्या मदतीने 100 सीसीच्या हलक्या गाड्या निघाल्या. त्या पेट्रोल थोडे पीत. हळूहळू त्या शेतकऱ्याच्या दारात आल्या. आज दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून डेअरीवर जातो. कुणी हिरव्या चाऱ्याचा भारा मागे बांधून आणतो. रात्री पोर तापाने फणफणले तर बाप त्याला गाडीवरूनच तालुक्याला नेतो. एस.टी.ची वाट पाहावी लागत नाही. गोव्यात तर फटफटीवरून भाडे मारणारे लोक आहेत. त्यांना तिथे 'पायलट' म्हणतात. त्यांच्या गाडीला पिवळा रंग असतो. बाजारातून घरापर्यंत माणसाला पाठीशी बसवून नेणे हा त्यांचा धंदा, आणि त्याला सरकारी परवाना लागतो.

फटफटीवर आपला जीव फार. दसऱ्याला तिला धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. काही पोरे सायलेन्सर बदलून गावभर कानठळ्या बसवतात. ते आम्हाला मुळीच पसंत नाही. पण पोरांना गाडीचे वेड असते, हे आम्ही शाळेत असताना पुष्कळ पाहिले आहे.

आता एक गंमत पाहा. शहरातली काही मंडळी हौसेने फटफटीवर लांबलांब जातात. पुण्या-मुंबईहून निघतात आणि थेट लडाखला पोहोचतात. त्यांचा पोशाख पाहण्यासारखा असतो. अंगात जाड जाकीट, त्यात कोपरांना आणि खांद्यांना गाद्या. हातात मोजे, गुडघ्याला वाट्या, घोटा झाकणारे बूट. डोक्यावर तोंडासकट सगळे झाकणारे हेल्मेट. ते हौसेला जातात, तेही वर्षातून एकदोनदा. आपला दूधवाला मात्र बाराही महिने, पहाटेच्या अंधारात, खड्ड्यांतून जातो. त्याच्या पायात चप्पल आणि डोक्याला मफलर. ज्याला रोजचा धोका, त्याच्याच अंगावर काही नाही!

जाकीट महाग असते. उन्हाळ्यात ते आपल्याला घालवणार नाही, हे आम्हाला कळते. बूट घातले तर फार चांगले. पण हेल्मेटला दुसरी तोड नाही. पुस्तकात त्याला शिरस्त्राण म्हणतात. लोक हेल्मेट म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू.

हेल्मेट घालावे हे लोकांना कसे कळले, त्याची हकीकत ऐका. इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स नावाचा मोठा नामांकित लष्करी माणूस होता. त्याला फटफटीचे फार वेड. मे 1935 मध्ये तो घराजवळच्या रस्त्याने गाडीवरून चालला होता. एकाएकी पुढे सायकलवरची दोन मुले दिसली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो उडून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो मेला. वय फक्त 46. त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स म्हणून मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढे महायुद्ध सुरू झाले. लष्करात निरोप पोहोचवणारे जवान फटफटीवरून धावत, आणि लढाईवाचूनच रस्त्यावर पडून मरत. केर्न्स यांनी जखमी जवानांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी हेल्मेट घातले होते त्यांच्या डोक्याची इजा हलकी होती. हे त्यांनी 1941 साली लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने फटफटीवरच्या जवानांना हेल्मेटची सक्ती केली. बाकीच्या लोकांना मात्र त्या देशात 1973 साली सक्ती झाली. शहाण्या गोष्टीलाही वेळ लागतो.

हेल्मेट काय करते? मडक्यात दही घ्या आणि मडके जोरात नेऊन एकदम थांबवा. मडके थांबते, पण दही पुढे जाऊन कडेवर आदळते. आपली कवटी हे मडके, आणि मेंदू दह्यासारखा मऊ. डोके रस्त्यावर आपटले की कवटी थांबते आणि मेंदू आतून तिच्यावर आदळतो. म्हणून कधी कधी बाहेर रक्ताचा थेंब नसतो, आणि माणूस रात्री दगावतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. तो मार खाऊन चेपतो. खडकावर उडी मारणे आणि कडब्याच्या गंजीवर उडी मारणे यांत जो फरक, तोच हा. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे.

रस्त्याच्या कडेला स्वस्तात टोप्या विकत मिळतात. दिसायला हेल्मेट, आत नुसती स्पंजाची पट्टी. ती टोपी पोलिसाला दाखवायला चालेल, दगडाला चालणार नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, त्याचा इथे उपयोग करा. हेल्मेटच्या मागे आय.एस.आय.चा शिक्का असतो. त्याच्यावर 4151 हा आकडा असतो. हा हेल्मेटचा सरकारी दर्जा. जून 2021 पासून या शिक्क्यावाचून दुचाकीचे हेल्मेट विकायला बंदी आहे. दुकानदाराला सांगा, "शिक्का दाखवा." मग हेल्मेट डोक्यात घाला, हनुवटीखालचा पट्टा लावा आणि मागून पुढे ओढून पाहा. निघाले तर ते तुमच्या मापाचे नाही. पट्टा न लावता घातलेले हेल्मेट माणसाच्या आधी उडून पडते.

लोक सबबी फार सांगतात. "उकडतंय." "केस जातात." "इथं मळ्यापर्यंतच तर जायचंय!" उकडते हे खरे. पण मळ्याच्या वाटेवर दगड नसतात काय? अंधारात बैल आडवा येत नाही काय?

आता एक आकडा सांगतो, तो सावकाश वाचा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने 2022 सालचा हिशोब छापला आहे. त्या एका वर्षात हेल्मेट न घातलेली 50,029 माणसे दुचाकीच्या अपघातात मेली. एका एस.टी.त 45 माणसे बसतात असे धरा. म्हणजे रोज तीन एस.टी. भरून माणसे! त्यांत 14,337 माणसे मागे बसलेली होती. ही सगळीच हेल्मेटने वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. पण निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा मेळ घालून डॉक्टरांनी ताळा काढला आहे. हेल्मेटवाचून जिथे 100 माणसे मेली असती, तिथे हेल्मेट असताना 58 मरतात. 42 घरी परत येतात.

मागे बसणाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नवरा हेल्मेट घालतो आणि बायको मागे उघड्या डोक्याने, पदर घेऊन बसते. मांडीवर लेकरू. आक्का, कायदा तुम्हालाही आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घालायचे आहे. चार वर्षांखालच्या मुलालाही त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि चालवणाऱ्याला बांधून घेणारा पट्टा हवा, असा नियम 2022 साली झाला. मूल गाडीवर असताना वेग 40 च्या वर नेऊ नये. गाडीवर माणसे दोनच. आणि पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचून मगच बसावे. पदर चाकात गेला की बाई मागच्या मागे ओढली जाते. मागच्या चाकाला जाळी असते, ती याचसाठी. कुणी "गाडीला शोभत नाही" म्हणून ती काढतात. काढू देऊ नका.

आता विजेची गाडी. पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती 1972 साली निघाली आणि पुढे बंद झाली. 2019 साली तेच नाव घेऊन ती विजेवर आली. त्याच वर्षी रिव्होल्ट नावाची विजेची मोटारसायकल निघाली. बंगळुरूची एफ-77 ही वेगवान गाडी 2022 साली आली. 2024 या एका वर्षात देशात विजेच्या 11 लाखांहून जास्त दुचाक्या खपल्या. त्यांत स्कूटरच फार. मोटारसायकली अजून थोड्या आहेत.

तिच्यात पेट्रोलची टाकी नाही, किक नाही, सायलेन्सर नाही. बॅटरी आणि मोटर, एवढेच. बहुतेक गाड्यांना गिअरही नसतो. खर्चाचा हिशोब करा. पेट्रोलची गाडी लिटरला 50 किलोमीटर जाते असे धरा. 100 किलोमीटरला 2 लिटर लागले. लिटरला 100 रुपये धरले तर 200 रुपये झाले. विजेच्या स्कूटरला तेवढ्या अंतराला सुमारे 4 युनिट लागतात. युनिटला 10 रुपये धरले तरी 40 रुपये. हे ऐकून हुरळून जाऊ नका. गाडीच्या किमतीत मोठा वाटा बॅटरीचा असतो, आणि बॅटरी कायमची नसते. हमीचा कागद वाचा. किती वर्षे आणि किती किलोमीटर हे दोन्ही त्यात असते, आणि "जे आधी संपेल ते" असे शब्द असतात. कंपनी जेवढे किलोमीटर सांगते, त्याहून कमीच धरून चाला. दोघे बसले, घाट चढायचा असला, तर बॅटरी लवकर उतरते. दुरुस्तीचे दुकान तालुक्याला आहे का तेही आधी विचारा. पंक्चरवाल्याला मोटरचे काम येत नाही.

2022 च्या उन्हाळ्यात आपल्या देशात काही विजेच्या गाड्या पेटल्या. एक पुण्यातही पेटली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, आणि ते त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू होऊ लागले. तरी गाडी कडब्याजवळ किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नये. चार्जर कंपनीचाच वापरावा. प्लगला अर्थिंग असावे. तारेवर आकडा टाकून चार्जिंग करणाऱ्याला आम्ही काय सांगावे? त्याला वीज मंडळाचा माणूस सांगेल, नाहीतर वीजच सांगेल.

या गाडीच्या दोन खोडी ध्यानात ठेवा. ती उभी असताना चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. पोराने मूठ पिळली की ती झपकन उडी घेते. म्हणून उतरलात की चावी काढून खिशात घाला. दुसरे असे, की रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला आणि गुरांना ती येताना ऐकू येत नाही. वस्तीतून जाताना हळू चालवा आणि हॉर्न द्या. काही सावकाश चालणाऱ्या छोट्या गाड्यांना लायसन लागत नाही. त्यांचा वेग ताशी 25 च्या वर नसतो. पण माणूस उभ्याचा पडला तरी डोके फुटते. त्या गाडीवरही हेल्मेट घालावे.

नवी दुचाकी घेताना कंपनीने सोबत हेल्मेट द्यावे असा नियम आहे. ते मागून घ्या, शिक्का पाहा, आणि दुसरे घरधनिणीच्या मापाचे विकत घ्या. गाडी दारात आल्यावर नारळ फोडाल, पेढे वाटाल. त्याच दिवशी दाराआड दोन खुंट्या ठोका, गाडीची चावी लावता तिथेच. चावी घ्यायला हात गेला की हेल्मेट हाताला लागले पाहिजे.