पडद्यावर दिसलं, हाती आलं नाही

सागर: ताई, पतसंस्थेच्या ठेवींचं व्याज काढायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय. एकच गणित सात ठिकाणी कॉपी-पेस्ट केलंय, पण चालतंय.

ताई: दर बदलेपर्यंत चालेल. आठाचे साडेआठ झाले की सातही जागा शोधत बसशील आणि एखादी सुटणारच. फंक्शन लिही. आधी डेफ, मग नाव, कंसात मुद्दल, दर, वर्षे, शेवटी कोलन. गणित खालच्या ओळीत, चार स्पेस आत.

सागर: नाव मराठीत चालेल?

ताई: ‘व्याज’ खुशाल दे. २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हापासून चालतं. डेफसारखे शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीतच.

सागर: रन केलं. काहीच आलं नाही, एररसुद्धा नाही!

ताई: काय करायचं ते नुसतं सांगून ठेवलंस, कर कुठे म्हणालास? खाली व्याज(५०००, ८, ३) लिही.

सागर: आलं, १२००.०! आता यात पाच हजार मिळवतो... अरे, १२०० छापलं आणि खाली टाइपएरर. ‘ननटाइप’ म्हणे.

ताई: आत प्रिंट लिहिलंयस ना? सगळे नवशिके इथेच अडकतात. कॅशियरने रक्कम मोठ्याने वाचून दाखवली, पण पैसे हातात दिलेच नाहीत, तसं झालं. रिटर्न नसेल तर फंक्शन गुपचूप ‘नन’ परत देतं. नन म्हणजे शून्य नव्हे. शून्य असतं तर बेरीज बिनबोभाट झाली असती आणि चूक कळलीही नसती. एरर आली ते बरंच झालं.

सागर: म्हणजे आत रिटर्न, आणि छापायचं ते बाहेर.

ताई: हो. मग तोच आकडा बेरजेला वापर, फाइलमध्ये लिही, नाहीतर दुसऱ्या फंक्शनला दे.

सागर: कंसातला क्रम चुकला तर?

ताई: (३, ८, ५०००) दिलंस तरी व्याज १२००च येईल, गुणाकार आहे ना! पण फंक्शन मुद्दल धरून एकूण रक्कम देत असेल, तर ६२०० ऐवजी १२०३ येतील. पायथन चकार शब्द काढणार नाही, ठेवीदार काढेल. म्हणून बोलावताना नावासकट लिही: मुद्दल=५०००, दर=८, वर्षे=३. मग क्रम कसाही असू दे.

सागर: बहुतेकांचा दर आठच आहे. दर वेळी लिहायचा?

ताई: डेफच्याच ओळीत दर=८ लिहून ठेव. फक्त तो वर्षांच्या मागे सरकव, नाहीतर सिंटॅक्सएरर येईल.