लहान ट्रान्सफॉर्मर आणि जमिनीकडे गळणारी वीज

बीदरजवळील कोळार औद्योगिक वसाहतीत काय किंवा कलबुर्गीकडील तूरडाळीच्या गिरण्यांत काय, आपल्या अनेक सभासदांच्या यंत्रशाळेतील पॅनेलमध्ये एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. ४१५ व्होल्टचा दाब तो ११० व्होल्टवर उतरवितो आणि त्यावर स्टार्टरची बटणे चालतात. इतक्या लहान वस्तूकडे मालकाचे लक्ष क्वचितच जाते. म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

मुख्य स्विचाशेजारी गळतीरक्षक, म्हणजे ईएलसीबी, बसविला की काम झाले असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा होय. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांत तारेचा संबंध नसतो. दुसऱ्या गुंडाळीकडील वीज जमिनीत गळली तरी ती परत त्याच गुंडाळीकडे येते. पहिल्या बाजूच्या रक्षकास त्याचा पत्ताही लागत नाही.

आता ही दुसरी बाजू जमिनीशी कोठेच जोडलेली नाही असे समजा. बटणाच्या पेटीत एक तार घासून लोखंडास टेकली. काहीच घडत नाही, फ्यूजही जात नाही. मालक निश्चिंत! काही महिन्यांनी दुसरी तार अन्यत्र टेकते. स्टॉप बटणाच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशा या जागा असल्या, तर प्रवाह बटण टाळून यंत्राच्या सांगाड्यातून कॉइलकडे जातो. एलेव्हेटरमध्ये कामगाराचा हात अडकला असता स्टॉप दाबूनही पट्टा थांबत नाही.

उपाय स्वस्त आहे. दुसऱ्या गुंडाळीचे एक टोक जमिनीशी जोडावे, फ्यूज दुसऱ्या टोकावर ठेवावा, आणि कॉइलची परतीची बाजू जोडलेल्या टोकाकडेच घ्यावी, मध्ये कोणतेही बटण नको. मग पहिल्याच गळतीला फ्यूज जातो व यंत्र थांबते.

अर्थिंगच्या खड्ड्याची गोष्ट वेगळी. बीदरचे पठार जांभ्याचे. उन्हाळ्यात ही जमीन कोरडी पडली की खड्ड्याचा रोध वाढतो. तो १० ओहम झाला तर २४० व्होल्टला फार तर २४ अँपिअर वाहतील; ६३ अँपिअरचा फ्यूज ढिम्म राहील आणि मोटारीच्या अंगात वीज खेळत राहील. येथे मात्र गळतीरक्षकच प्राण वाचवितो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत मोटार व ट्रान्सफॉर्मर यांचे सांगाडे दोन स्वतंत्र तारांनी जमिनीशी जोडण्याची अट होती. ते नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम २०१० साली व पुन्हा २०२३ साली आले, पण ही अट राहिली.

रक्षकावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा अवश्य दाबावे. त्याने रक्षक शाबूत आहे एवढेच कळते, खड्ड्याविषयी काहीच नाही. खड्ड्याचा रोध परवानाधारक ठेकेदाराकडून भर वैशाखात मोजवून घ्यावा. पावसाळ्यातील आकडा फसवा असतो.