थंड भाडं, गरम भाडं

आमच्या होस्टेलवर दर वर्षी चार-पाच जण तरी जर्मनीला एम.एस.ला जायचं ठरवतात. युनिव्हर्सिटी, व्हिसा, भाषा यांवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा चालते. पण राहायचं कुठे आणि हिवाळ्यात खोली गरम कशी ठेवायची, हे कुणीच विचारत नाही. माझा मावसभाऊ तिथे शिकतो. वर्षाच्या शेवटी घरमालकाने त्याच्या हातात हीटिंगचं जादा बिल ठेवलं. "अगं, भाडं तर मी दर महिन्याला देतोय, मग हे कसलं?" दादा फोनवर वैतागून म्हणाला. त्याचं उत्तर शोधायला बसले आणि हा लेख झाला.

जर्मनीत भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. त्यात हीटिंग आणि इतर खर्चाचा अंदाजे हप्ता मिळवला की 'वार्ममीटे', म्हणजे गरम भाडं. वर्षाअखेरीस खरा हिशोब होतो. जास्त वापर झाला तर वरचे पैसे भरायचे, कमी झाला तर परत मिळतात. १९८१ च्या नियमानुसार, एकत्र हीटिंग असलेल्या इमारतीत खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग ज्याच्या-त्याच्या वापराप्रमाणे वाटावा लागतो. उरलेला साधारणपणे जागेच्या आकाराप्रमाणे. म्हणजे बिलात तुमची सवय असते आणि इमारतसुद्धा असते.

आता इमारतीचं बघू. भिंतीतून जाणारी उष्णता = यू-व्हॅल्यू × क्षेत्रफळ × तापमानातला फरक. समजा बाहेरची भिंत १० चौरस मीटर आहे, आत २० अंश आणि बाहेर शून्य. जुन्या, इन्सुलेशन नसलेल्या भिंतीची यू-व्हॅल्यू १.४ धरली तर २८० वॅट सतत बाहेर जातात. चांगलं इन्सुलेशन करून ती ०.२४ वर आणली तर फक्त ४८ वॅट. भिंत तेवढीच, माणूसही तोच, पण फरक जवळजवळ सहापट!

मग सगळ्यांनी नव्या घरात राहावं, असं कुणीही म्हणेल. नवी घरं खरंच वेगळी आहेत. २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या निवासी इमारतींपैकी जवळजवळ ७० टक्के इमारतींत मुख्य हीटिंग हीट पंपाचं होतं. हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. एक युनिट वीज घेऊन तो साधारण तीन युनिट उष्णता घरात आणतो. याउलट देशातल्या एकूण घरांपैकी सुमारे निम्मी अजून गॅसवर आहेत.

पण घोडं इथेच अडलं. सरकारने २०२१ मध्ये वर्षाला ४ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं होतं. २०२४ मध्ये पूर्ण झाली सुमारे २ लाख ५२ हजार. बांधकामाचे परवाने २०२१ मध्ये सुमारे ३ लाख ८० हजार होते, ते २०२४ मध्ये सुमारे २ लाख १६ हजारांवर आले. एक कारण म्हणजे साहित्य महागलं. दुसरं व्याज. २०२१ मध्ये गृहकर्ज साधारण १ टक्क्याने मिळायचं, २०२३ च्या शेवटी ते ४ टक्क्यांच्या आसपास गेलं. ३ लाख युरोच्या कर्जावर वर्षाचं व्याज ३ हजारांवरून १२ हजार युरो! मग कोण बांधणार?

देशात एकूण घरं ४ कोटींहून जास्त. २०२४ च्या वेगाने सगळी नवी बांधायची तर दीडशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे नवी घरं थांबली की सगळा भार जुन्या भिंतींवर आणि आत राहणाऱ्यांच्या सवयींवर येतो.

सवयी किती वेगळ्या असतात? सारख्याच दोन फ्लॅटमध्येही खर्च दुप्पट असू शकतो. कुणी खिडकी दिवसभर किलकिली ठेवतं, कुणी पाच मिनिटं सताड उघडून बंद करतं. दुसरी पद्धत चांगली, कारण हवा बदलते पण भिंती थंड होत नाहीत. २०१२ मध्ये सुनिक्का-ब्लँक आणि गॅल्विन या संशोधकांना जर्मन घरांबद्दल एक गंमत दिसली. प्रत्यक्ष वापर कागदावरच्या हिशोबापेक्षा सरासरी सुमारे ३० टक्के कमी होता, आणि घर जितकं वाईट तितकी ही तफावत मोठी. खराब घरातली माणसं आधीच काटकसर करून राहत असतात. मला तरी ही गंमत वाटली नाही. 'सवय बदला' हे आपण त्यांनाच सांगतो, ज्यांनी ती केव्हाच बदललेली आहे.

शिवाय भाडेकरूला बॉयलर बदलता येत नाही आणि मालकाला बिल भरावं लागत नाही. म्हणून २०२३ पासून इंधनावरच्या कार्बन खर्चाचा वाटा मालकावरही टाकला आहे. इमारत जितकी वाईट, तितका त्याचा वाटा मोठा. मला हे न्यायाचं वाटतं.

दादाची चूक साधी होती. रेडिएटरच्या नॉबवर १ ते ५ आकडे असतात. ५ वर ठेवलं की खोली लवकर गरम होते, असं त्याला वाटलं. तसं नसतं. तो आकडा वेगाचा नाही, तापमानाचा आहे. ३ म्हणजे साधारण २० अंश. आता तो ३ वर ठेवतो आणि स्वेटर घालतो.

तेव्हा मित्रांनो, तिकडे खोली बघाल तेव्हा भाडं विचाराच, पण दोन प्रश्न आणखी विचारा: इमारत कोणत्या सालची, आणि मागच्या वर्षीचं हीटिंगचं बिल किती?